ज्याचं ओझं लहान, त्याचा नंबर आधी

कानपूरहून गणकयंत्रशास्त्रात एम.टेक. होऊन मी खामगावला परत आलो, तेव्हा वडील मला घ्यायला स्टेशनवर आले होते आणि सोबत त्यांनी एक हातगाडी ठरवून आणली होती. त्यांना वाटलं होतं, मी यंत्र घेऊन येईन.

जलंबला गाडी बदलताना हमालाशी वाद नको म्हणून मी सामान मुळातच कमी ठेवलं होतं. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. वडिलांनी माझ्यामागून डब्यात डोकावून पाहिलं, पुढच्या डब्यातही पाहिलं, आणि मग हातगाडीवाल्याला सांगितलं की माल मागून येणार असेल. माझे वडील अर्जुनराव पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. उशिरा येणाऱ्या पार्सलांवर त्यांचा तीस वर्षांचा विश्वास होता. तो मोडायला मला पंधरा दिवस लागले.

माझं शिक्षण गणकयंत्राचं असलं तरी सैद्धांतिक बाजूचं होतं. म्हणजे आम्ही ज्या यंत्राचा अभ्यास केला, ते यंत्र जगात कुठेच नाही. त्याला एक कागदी फीत असते, ती कधी संपत नाही, आणि यंत्र त्या फितीवरची एकेक खूण वाचतं, खोडतं, पुन्हा लिहितं, एवढंच. अशा यंत्राकडून एक विशिष्ट काम कधीही होणार नाही, हे मी दोन वर्षं खपून एकशे बारा पानांत सिद्ध केलं होतं. कानपूरला त्याबद्दल तीन प्राध्यापकांनी माझा हात हातात घेतला. खामगावात शेजारच्या सुभद्राबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम होत नाई हे सांगायले दोन वर्सं लागली तुले? कचेरीतला बाबू तं मान वर न करता सांगते."

त्यांचा पुढचा प्रश्न होता, यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करतं. मी म्हणालो, ते बिघडत नाही, कारण ते नाहीच. मग त्यात नोकरी कशी निघणार, असं त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर हाच प्रश्न मलाही कानपूरच्या दुसऱ्या वर्षापासून छळत होता. मग त्यांनी घरातला बंद पडलेला रेडिओ आणून माझ्यापुढे ठेवला. तो मला दुरुस्त करता आला नाही, आणि त्या दिवसापासून माझ्या पदवीकडे गल्ली जरा संशयानं पाहू लागली.

मग गल्लीनं माझं आयुष्य हातात घेतलं. समोरचे शिंपी म्हणाले, एस.टी.त कंडक्टर हो. डोकं चालतं तुझं, तिकिटं भराभर फाडशील. कोपऱ्यावरचे वैद्य म्हणाले, विम्याचा एजंट हो. नसलेल्या गोष्टीबद्दल इतकं मन लावून बोलणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. हा सल्ला त्यांनी अगदी प्रेमानं दिला, म्हणूनच तो मला जास्त लागला.

जिल्ह्याच्या गावी नोकरीसाठी नाव नोंदवायची सरकारी कचेरी होती. तिथल्या कारकुनानं विचारलं, कोणत्या यंत्रावर काम केलं आहे? मी यंत्राची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि धंद्यांच्या यादीचं जाड पुस्तक उघडलं. 'ग'खाली गवळी होता, गवंडी होता, गारुडी होता, पण गणकयंत्र नव्हतं. गवंडी लिहू का, असं त्यांनी विचारलं, कारण गवंड्यांना मागणी होती. मी नको म्हणालो. दुसऱ्या खेपेला त्यांनी कानपूरच्या दाखल्याची तहसीलदारांच्या सहीची नक्कल मागितली. तहसीलदार म्हणाले, दाखला इंग्रजीत आहे, आधी मराठी भाषांतर आणा. भाषांतर मीच केलं, तर स्वतःच्या दाखल्याचं भाषांतर स्वतः करता येत नाही असं निघालं. चौथ्या खेपेला माझं नाव 'इतर, अकुशल' या रकान्यात चढलं. माझा चेहरा पाहून कारकून म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, अकुशलमध्ये नंबर लवकर लागतो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मध्ये विमल आली.

संग्रामपूरच्या बाजूला भाऊराव म्हणून एक मोठे जमीनदार होते. एका वेचणीला चौदा गाड्या कापूस निघायचा त्यांच्याकडे. त्यांची मुलगी विमल, मॅट्रिक होऊन घरी बसून बी.ए. करत होती. आम्ही बघायला गेलो. पोहे आल्यावर, मुलीला काही विचारा, असं रीतीप्रमाणे मला सांगण्यात आलं. मी पोह्यांची बशी नुसती फिरवत राहिलो. तेव्हा तिनंच विचारलं, "तुम्ही जे सिद्ध केलं ते चुकलं असंन, तं कोनाले कसं कळंन?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी हातवारे करून उत्तर द्यायला लागलो आणि पोह्यांची बशी माझ्याच मांडीवर पालथी झाली. ती हसली नाही. खाली बघून शेंगदाणे वेचू लागली. परतीच्या एस.टी.त मी मनाशी ठरवून टाकलं, की लग्न करायचं तर हिच्याशीच, नाहीतर नाही.

भाऊराव माणूस सरळ होते. त्यांनी वडिलांना निघताना सांगितलं, पोरगा शिकलेला आहे, घराणं चांगलं आहे, पण सकाळी उठून हा जातो कुठं, हे मला कोणीतरी सांगावं. संक्रांतीपर्यंत सांगा. नाहीतर मी दुसरीकडे बघतो. तेव्हा कार्तिक संपत आला होता.

वडील पायाला भिंगरी लावून फिरले आणि शेवटी हिंमतरावांकडे माझी सोय झाली. सरकारनं शेतकऱ्यांचा कापूस स्वतःच विकत घ्यायचं ठरवलं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. हिंमतराव कापसातून सरकी काढणाऱ्या एका सहकारी जिनिंग सोसायटीच्या खरेदी केंद्राचे मुख्य होते. सोसायटीचं नाव मी सांगत नाही, कारण तिथला चपराशी कडूबा अजूनही रस्त्यात भेटला की मला नमस्कार करतो, आणि तो का करतो हे मला कळलेलं नाही. हिंमतरावांना हंगामापुरता टोकन बाबू पाहिजे होता. आदला बाबू मध्येच रजेवर गेला होता. कोणत्या कारणानं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

काम सोपं होतं. बैलगाड्या आल्या की खिडकीतून टोकन द्यायचं, नंबर लागला की कडूबा आरोळी मारायचा, मग गाडी काट्यावर जायची, कापसाची प्रत ठरायची आणि पावती व्हायची. फाटकाबाहेर नाक्यापर्यंत गाड्यांची रांग असायची. तिथेच बैल सोडलेले, तिथेच तीन दगडांच्या चुली, तिथेच न्हावी. लोक चार चार दिवस मुक्काम करत.

पहिल्याच आठवड्यात पुंजाजी नावाचा एक म्हातारा माझ्या खिडकीशी आला. त्याची अर्धी गाडी कापूस, आणि पुढे एका बागायतदाराच्या अकरा गाड्या. अर्ध्या गाडीसाठी तो तीन दिवस बसून होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम मला जाणवलं, की हे गणित मला येतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शास्त्रातली एक गोष्ट बैल जुंपून माझ्या दाराशी आली होती. ज्याचं काम थोडं त्याला आधी घेतलं, तर सगळ्यांची मिळून वाट पाहण्याची वेळ कमीत कमी होते. याला पुरावा आहे. तो मी केंद्राच्या भिंतीवर खडूनं लिहूनही काढला. हिंमतरावांनी चष्मा वर करून तो वाचला आणि विचारलं, यात माझी सही कुठे लागत नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी कडूबानं फाटकावर ओरडून नियम सांगितला. ज्याचं ओझं लहान, त्याचा नंबर आधी. एका नावावर जेवढ्या गाड्या, तेवढं एक ओझं.

दोन दिवस मी देव होतो. लहान शेतकरी सकाळी येऊन दुपारी मोकळे होत होते. पुंजाजीनं मला भरताची चार वांगी आणून दिली आणि आईनं ती गल्लीभर दाखवली. वडील रोज संध्याकाळी फाटकासमोरच्या हॉटेलात जाऊन बसायचे आणि अनोळखी माणसांना सांगायचे, तो खिडकीतला माझा मुलगा. सुभद्राबाईंनीही कबूल केलं की रेडिओ ही किरकोळ बाब आहे.

तिसऱ्या दिवशी भाऊराव चौदा गाड्या घेऊन आले.

नियम केला तेव्हा मला फक्त सरासरी दिसत होती. सरासरीत भाऊराव दिसत नाहीत. चौदा गाड्यांचं एक ओझं, केंद्रावरचं सगळ्यात मोठं. सकाळी ते रांगेच्या शेवटच्या टोकाशी असायचे, आणि दिवसभर लहान लहान गाड्या येतच राहायच्या, त्यामुळे संध्याकाळीही ते टोकाशीच असायचे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आमच्या शास्त्रात या प्रकाराला उपासमार असं रीतसर नाव आहे. भाऊरावांच्या बाबतीत फरक एवढाच, की त्यांना दोन्ही वेळचा डबा मिळत होता, आणि तो आमच्या घरून जात होता. आई, म्हणजे कौशल्याबाई, तीळ घातलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा बांधून वडिलांच्या हाती पाठवायची, आणि वर निरोप, की मुलगा कामाच्या गडबडीत आहे, राग मानू नये.

भाऊरावांच्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशी वडील स्वतः माझ्या खिडकीशी आले. मी रांग मोडू देत नव्हतो, म्हणून ते रांगेत उभे राहून आले. "शालिग्राम," ते हळूच म्हणाले, "एक डाव पुढं घे ना रे त्याइले. कोनाले समजते?"

मला खरोखर रडू येत होतं. विमलचा शेंगदाणे वेचतानाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण भाऊरावांना पुढे घेतलं की मी भिंतीवर लिहिलेलं काहीच उरत नव्हतं, आणि माझ्याजवळ भिंतीवर लिहिलेल्याशिवाय दुसरं होतं तरी काय? मी नाही म्हणालो. वडील रिकामा डबा घेऊन घरी गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आमच्या भागातल्या माणसाला नियम सांगितला की तो आधी नियम पाळतो आणि मग त्या नियमाला कामाला लावतो. ओझं लहान पाहिजे ना? मग ओझं लहान करू. पाच गाड्यांचा मालक पाच नावांनी टोकन घेऊ लागला. एक स्वतः, एक बायको, एक भाऊ, एक चुलता आणि एक आजोबा. गाडीचेही भाग पडू लागले. सायकलवर कापूस आला, डोक्यावर गाठोडी आली. एक गृहस्थ उशीचा अभ्रा भरून घेऊन आले आणि म्हणाले, हे धाकट्या सुनेचं. कडूबा एकदा एक नाव तीनदा पुकारून थकला, तेव्हा मागून एक जण शांतपणे म्हणाला, "ते देवाघरी गेले, पन कापूस त्याइचाच हाये."

हिंमतराव घाबरले. त्यांनी हुकूम काढला, की वेगळं टोकन पाहिजे तर वाटणी झाल्याचा तलाठ्याचा दाखला पाहिजे. म्हणजे आता गर्दी तलाठ्यांकडे. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र असलेली घरं रांगेसाठी कागदावर वेगळी झाली. त्यातली काही, कागद हातात आल्यावर, खरोखरच वेगळी झाली. सुभद्राबाईंच्या माहेरी दोन भावजयांनी दाखला वाचून घेतला आणि त्याच दिवशी दोन चुली मांडल्या. सुभद्राबाई आमच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "माहं माहेर फोडलं तुह्या पोट्ट्यानं." त्यांनी रेडिओही उचलून नेला.

नियमाच्या आठव्या दिवशी टोकनांचा आकडा सहाशे अकरावर गेला. कापूस तेवढाच होता, जेवढा पूर्वी साठ टोकनांत यायचा. काटा जवळजवळ रिकामा उभा, आणि बाहेर रांग नाका ओलांडून पार दवाखान्यापर्यंत. मी रात्रंदिवस पुरावा तपासला. पुराव्यात चूक नव्हती. चूक नसताना एवढा गोंधळ होऊ शकतो याची मला कल्पना नव्हती, आणि कानपूरलाही कोणाला असेल असं वाटत नाही. गाडीवाले आता माझ्या खिडकीसमोरून जाताना मोठ्यानं खाकरून थुंकायचे. आदल्या बाबूच्या रजेचं कारण तेव्हा मला समजलं.

सहा दिवस बसून भाऊरावांचाही धीर सुटला होता. ते एस.टी.नं गावी गेले आणि सगळं खानदान घेऊन परत आले. बायको, दोन भाऊ, त्यांच्या बायका, चुलते, आत्या. चौदा गाड्यांची एकोणीस टोकनं झाली. त्यातलं सहाशे दोन नंबरचं टोकन विमलच्या नावाचं होतं, आणि ते मीच दिलं होतं, मान खाली घालून, नाव न वाचता.

नवव्या दिवशी दुपारी ती खिडकीशी आली. मी उठून उभा राहिलो आणि माझं डोकं वरच्या फळीला आपटलं. तिनं लांब वेणी खांद्यावरून मागे टाकली, पदराखालून एकोणीस टोकनं काढली आणि खिडकीत एकावर एक रचून ठेवली.

"हे घ्या," ती म्हणाली. "यातलं एकच खरं हाये. बाकीचे अठरा लबाडीचे."

मी म्हणालो, तुमची एकट्यांची चूक नाही, सगळेच तसं करत आहेत. ती म्हणाली, ते तिनं पाहिलं आहे. मग तिनं विचारलं, गाडी तोलायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, तीन मिनिटं. आणि पावती करायला? मी आत पाहिलं. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, गट नंबर, प्रत, वजन, चार प्रतींत, मध्ये कार्बन, खाली अंगठा, आणि अंगठ्याची शाई पुसायला बोळा. मी म्हणालो, सात मिनिटं.

"मंग ते तुम्ही गणितात घेतलं का?"

मी घेतलं नव्हतं. पावतीचा वेळ मी शून्य धरला होता. आमच्या यंत्राला पावती करावी लागत नाही. साठ पावत्यांना सात तास, सहाशे अकरा पावत्यांना एकाहत्तर तास. एवढं साधं गणित, आणि ते मला एका खिडकीच्या पलीकडून कोणीतरी सांगत होतं. मला इतकी लाज वाटली की मी पुन्हा खाली बसलो. आणि त्या लाजेतही मला तिच्याकडे पाहत राहावंसं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं. एम.टेक. झाल्यापासून हा प्रश्न मी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला विचारला.

तिचं म्हणणं अगदी घरगुती होतं. टोकन माणसाला देऊच नका, गावाला द्या. एका गावाचं एक टोकन, जे गाव आधी आलं ते आधी. गावाच्या गाड्या एकत्र आत घ्या, आणि गावातला क्रम गावानं फाटकाबाहेर आपसात लावून घ्यावा, सगळ्यांच्या समोर. मी विचारलं, मग खोटी नावं कोण पकडणार? ती पहिल्यांदा हसली. "गावाले माहीत असते कोनाचा आजा कधी मेला ते. त्याइची सोताची गाडी मांगं राह्यली, तं ते मुर्द्याले पुढं जाऊ देतीन का?"

हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी तसाच हिंमतरावांकडे गेलो. त्यांनी विचारलं, सही? मी म्हणालो, नाही लागत. त्याच दुपारी कडूबानं नवा नियम पुकारला.

फाटकाबाहेर दोन तास जो आरडाओरडा झाला तो अजून माझ्या कानात आहे. प्रत्येक गाव आपापल्या झाडाखाली बसलं, आणि बायका, चुलते, स्वर्गवासी आजोबा सगळे एकेक करून रद्द झाले. उशीचा अभ्रा परत सासऱ्याच्या गाडीत गेला. पुंजाजीची अर्धी गाडी त्याच्या गावानं आपणहून पहिली लावली, म्हातारा माणूस आहे म्हणून. सहाशे अकरा नावांची अडुसष्ट नावं उरली, आणि तीन दिवसांत रांग फाटकाच्या आत आली. पावत्यांच्या टेबलाशी अजून तुंबत होतं, म्हणून विमलनं थोडा वेळ लिहून दिलं. तिचा हात असा भरभर चालायचा की सात मिनिटांची पावती अडीच मिनिटांत व्हायची. हिंमतरावांनी घड्याळ लावून पाहिलं. मग त्यांनी भाऊरावांना विचारलं, हंगाम संपेपर्यंत मुलीला इथे बसवता का, तिची मावशी खामगावातच आहे ना? आणि मला बोलावून, पाठीवर हात ठेवून, त्यांनी सांगितलं की आता टोकनं इतकी थोडी आहेत की खिडकीचं कामही तीच करेल. तुमच्यासारख्या मोठ्या शिकलेल्या माणसाला आम्ही इथे अडकवून ठेवणं बरं नाही.

मी पत्र्याच्या डब्यात खडूचे तुकडे भरून घरी आलो. भिंतीवरचा पुरावा कडूबानं दुसऱ्या दिवशी चुन्यानं पुसला.

संक्रांतीला चार दिवस उरले होते. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट चार दिवस. वडिलांनी मुंबई, पुणे, नागपूरला पत्रं लिहिली, स्वतः डाकगाडीची वेळ साधून टाकली, आणि स्वतःच रोज पोस्टात जाऊन उत्तर आलं का विचारत राहिले. उत्तर आलं नाही. मी माडीवर बसून होतो. भाऊराव नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि ते म्हणतील ते योग्यच असेल हेही ठाऊक होतं, त्यामुळे कोणावर चिडायचीही सोय नव्हती.

संक्रांतीला सकाळीच भाऊराव आले. आईनं तिळगूळ दिला. वडील सुरू झाले, मुंबईच्या एका मोठ्या कंपनीशी मुलाचा पत्रव्यवहार चालू आहे, अगदी शेवटच्या टप्प्यात आहे.  आयुष्यात एक पत्र इकडचं तिकडे न केलेला तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि ते त्यांना जमत नव्हतं. मला ते बघवेना.

"काका," मी मध्येच म्हणालो, "मला नोकरी नाही. होती ती गेली, आणि माझ्याच चुकीनं गेली. सकाळी उठून मी कुठेही जात नाही."

भाऊरावांनी तिळगूळ सावकाश चावून संपवला. उंबऱ्याशी सुभद्राबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. अबोला धरलेला असला तरी ऐकायला बंदी नव्हती.

"माहीत हाये मले," भाऊराव म्हणाले. "तुमच्या जागेवर माहीच पोरगी बसते. सहा दिवस तुम्ही मले उन्हात बसवलं. लय राग आला होता. घरी जाऊन म्या विमलले म्हनलं, त्यानं मले एक नंबर पुढं घेतलं असतं, तं म्या तिथंच सुपारी फोडली असती." त्यांनी हाताला लागलेले तीळ झटकले. "तं पोरगी म्हने, बाबा, घेतलं असतं, तं म्या त्याच्याशी लगन केलं नसतं."

 वडिलांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. मला वाटतं मीही रडलो. निदान सुभद्राबाई तसं सांगत फिरल्या.

मग भाऊराव पुढचं बोलले. सोसायटीनं विमलला कायम केलं आहे. म्हणजे तिला खामगावातच राहावं लागणार. आणि गावात सगळ्या स्थळांची चौकशी केली, तर केंद्रापासून पाच मिनिटांवर राहणारा लग्नाचा मुलगा एकच निघाला. अठरा वर्षं शिकलो, एकशे बारा पानं लिहिली, आणि शेवटी माझ्या उपयोगी पडला तो आमच्या घराचा पत्ता. पण त्या क्षणी मला कुठलीही पदवी आठवत नव्हती. मी इतका आनंदात होतो की तिळगुळाचं ताट मीच उचलून सगळ्यांना दुसऱ्यांदा वाटू लागलो.

आईनं डोळे पुसले आणि मुद्द्याचं विचारलं. सून साडेनऊला कामावर जाणार. आईचे गुडघे या थंडीत धरले, आता तिला चुलीपुढे बसवत नाही. मग सकाळचा स्वयंपाक करणार कोण?

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊरावांनी पाहिलं. उंबऱ्यातून सुभद्राबाईंनी तर मान लांब करून पाहिलं.

"शिकतो," मी म्हणालो.